टोकाचा वाक

प्रेमदान चौकात सिग्नलला गाडी थांबवली आणि कल्याणला समोरचा दिव्याचा खांब मधेच वाकलेला दिसला. रात्री कुणा ट्रकनं ठोकर दिली असणार, असं त्याला आधी वाटलं. पण ठोकर बसली तर खांब बुडाशी वाकतो. हा बरोबर मधोमध, गुडघ्यात दुमडल्यासारखा आत गेला होता आणि वर पुन्हा सरळ झाला होता. त्यानं नजर थोडी वर नेली, वाकही वर गेला. नजर खाली आणली, वाक खाली आला. शेजारी स्कूटरवर एक गृहस्थ पायाशी गॅसची टाकी घेऊन उभे होते. "काका, तो खांब वाकलाय का हो?" कल्याणनं विचारलं, आणि स्वतःचा आवाज त्याला शाळेतल्या पोरासारखा वाटला. गृहस्थांनी खांबाकडं पाहिलं, मग कल्याणकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "कुठला, तो? चांगला ताठ उभाय की." सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न लावले. कल्याण गाडी चालवत राहिला, पण आता रस्त्याच्या कडेचा प्रत्येक खांब त्याच्यासमोर येऊन एकदा गुडघे वाकवत होता आणि मागं जात होता.

कॉलेजात पोचल्यावर त्यानं तास घेतला. बेडकाच्या हृदयाची आकृती फळ्यावर काढताना त्याला काही विशेष जाणवलं नाही, कारण बेडकाच्या हृदयात सरळ रेघ नसते. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये कुणी नाही असं पाहून त्यानं हजेरीपटाचं पान उघडलं आणि एक डोळा हातानं झाकला. डावा झाकला तेव्हा रकान्यांच्या रेघा मधल्या जागी पाण्यात बुडल्यासारख्या लहरल्या, आणि त्या जागेवर एक पिवळट, नाण्याएवढा डाग तरंगत राहिला. उजवा झाकला तेव्हा काहीच दिसलं नाही. म्हणजे नेहमीसारखंच, नुसतं दुधी धुकं. डावा डोळा पुरता निकामी होता हे आता त्याच्याखेरीज आई, भाऊ वैजनाथ आणि बायको सुकन्या एवढ्यांनाच ठाऊक होतं. आईबाप ऊसतोडीला गेले होते, श्रीरामपूरच्या बाजूला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. पाचटाच्या ढिगाऱ्यात खेळताना उसाचं पातं डोळ्यावर सपकन बसलं. आईनं पदराचा बोळा करून फुंकर घातली, रात्रभर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मुकादमानं टोळीतून सुट्टी दिली तोवर डोळ्यात फूल पडलं होतं. पुढं एम.एस्सी.ला सूक्ष्मदर्शकाशी बसायची वेळ आली तेव्हा त्याचा उलट फायदाच झाला. बाकीची मुलं एक डोळा मिटून मिटून थकायची, ह्याला तो मिटावाच लागायचा नाही. त्याच्या हातच्या आकृत्या विद्यापीठात नावाजल्या गेल्या. एका डोळ्यावर त्यानं एवढं सगळं उभं केलं होतं, आणि तो डोळा कधीतरी थकेल हा विचार त्यानं मनात येऊच दिला नव्हता, बँकेत एकच नोट असलेला माणूस ती मोडायचा विचार टाळतो तसा.

तो प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेला, कुलपाला किल्ली लावली, आणि तिथं त्याला नळीतल्या कोळ्याची आठवण झाली. आठवण झाली म्हणण्यापेक्षा, कोळी आतून दाराशी येऊन उभा आहे असं वाटलं. त्यानं किल्ली काढून घेतली.

तो कोळी त्याला कार्तिकात सापडला होता, खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटाखाली, वाळल्या गवतात. दिवाळीला आईकडं गेला होता तेव्हा. उडी मारणाऱ्या कोळ्यांतला तो एक नर होता, ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठा, काळसर, पाठीवर पांढरे दोन पट्टे, आणि समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. असे कोळी जाळं विणत नाहीत, बघून झडप घालतात. काचेच्या बाटलीत घेतल्यावर तो पळाला नाही. वळला आणि कल्याणकडं बघू लागला. बाटली फिरवली की तोही फिरे. त्या मोठ्या डोळ्यांच्या आत काहीतरी हलत होतं. काच जागच्या जागी, आणि तिच्यामागचा अंधार इकडून तिकडं सरकत होता. हे कोळी जग एकदम पाहत नाहीत, डोळ्यातल्या पडद्याची नळी हलवत पट्टीपट्टीनं वाचत जातात, हे कल्याणला पाठ होतं, वर्गात तो ते शिकवायचाही. तरीसुद्धा आपल्याला कुणीतरी वाचतं आहे, वरपासून खालपर्यंत, सावकाश, हा शहारा तेव्हा त्याच्या अंगावर आला होता. नंतर त्यानं त्याला स्पिरिटच्या नळीत टाकलं. चार वेळा पाय झाडले आणि तो थांबला. त्याला पर्याय नसतो. नाव द्यायचं तर मारावं लागतं.

कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही, रंग फसवतो. नराच्या तोंडापाशी दोन आखूड पाय असतात, त्यांच्या टोकाशी एक सुई असते, तिच्यातूनच तो मादीत बीज सोडतो. प्रत्येक जातीची सुई वेगळी, कुलपाकिल्लीसारखी. ह्या पट्ट्यांचा एक कोळी शंभर वर्षांपूर्वीच कुणा साहेबानं नोंदवलेला होता आणि त्याची सुई सरळ होती. कल्याणच्या नराची सुई टोकाशी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. स्पष्ट, ठाम वाक. डिसेंबरमध्ये त्यानं तो पुन्हापुन्हा पाहिला, काढला, खोडला, पुन्हा काढला. तेवढ्या वाकावर एक नवी जात उभी राहिली, तिला त्यानं गावाचं नाव दिलं, खर्डेन्सिस. पुण्याहून निघणाऱ्या संशोधनपत्रिकेनं लेख जवळजवळ स्वीकारला. परीक्षकानं एवढंच म्हटलं होतं की सुईचं टोक आणखी एकदा तपासून पाहावं आणि मार्चअखेर कळवावं. दुसरा नर मिळाला तर उत्तमच. दुसरा नर मिळाला नव्हता. त्यानंतर दोनदा खर्ड्याला जाऊन तो गवत झाडत बसला, माद्या मिळाल्या, पिल्लं मिळाली, नर नाही.

आणि आता खांब वाकत होता.

घरी आल्यावर तो दारांच्या चौकटी बघत बसला. फरशीचे सांधे, खिडकीचे गज, कॅलेंडरची कड. मनात तो स्वतःशी वाद घालत होता. डोळाच वाकवत असता तर कागदावरची रेघही वाकडी दिसली असती. मग मी सुई सरळच काढली असती आणि ती सरळ रेघ मला वाकडी दिसून बरोबर जुळली असती. ज्या अर्थी कागदावर वाक उतरला, त्या अर्थी तो कोळ्याचाच. हा विचार सापडल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून सुकन्याला भाजी चिरायला मदत करू लागला. गवारीची दुसरी शेंग मोडताना तो विचार हातातच मोडला. डोळ्यातला डाग लहान आहे. सूक्ष्मदर्शकात सुई त्या डागात पुरती मावते. कागदावर मात्र ती वीतभर काढलेली, ती डागाबाहेर जाते आणि सरळ दिसते. म्हणजे वाक माझ्या डोळ्यातून कागदावर उतरूच शकतो. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. त्यानं गवारीच्या शेंगा ताटात ठेवल्या आणि मोबाईल काढला. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला मोबाईल चिकटवून घेतलेला एक फोटो त्यात होता. "जरा बघ गं," तो म्हणाला, "ही मधली रेघ सरळ वाटते की वाकडी?" सुकन्यानं ओला हात पदराला पुसून मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "कुठली रेघ? मला तर नुसता केसांचा गोळा दिसतोय." मग तिनं फोटोवरून नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. "अहो, काय झालंय? मघापासून बघते, भिंतींना नजर लावून बसलाय. लाइट गेल्यासारखे चाचपडताय." तो काही नाही म्हणाला. पण चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडली आणि बशीत सांडली, तेव्हा तिनं त्याच्या हातातून भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडं. तुम्ही नाही आलात तर मी सासूबाईंना फोन करते."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली. पडद्यावर डोळ्याच्या आतलं चित्र आलं, थरावर थर, नांगरटीत पाणी साठावं तसा मधे एक काळा फुगवटा. "डोळ्याच्या पडद्यामागं पाणी साठलंय," ते म्हणाले. "तुमच्या वयाच्या पुरुषांत होतं. टेन्शन घेता का?" कल्याण हसला. आठ वर्षं तासिकेवर शिकवत होता. जूनमध्ये प्राणिशास्त्राच्या एका कायम जागेच्या मुलाखती होत्या. "बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. थोडी सावली राहते कुणाकुणाला. घाबरायचं नाही." मग त्यांनी पेन हातात घेतलं. "कधीपासून आहे?" कल्याणलाही नेमका हाच प्रश्न विचारायचा होता. "चित्रावरून कळत नाही का, किती जुनं आहे?" "नवं असू शकतं, दोन-चार महिन्यांचंही असू शकतं. माणसाच्या लक्षात येत नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो ना. तुमच्या बाबतीत तसं नाही म्हणा." डॉक्टर सहज बोलून गेले. बाहुली मोठी झाल्यामुळं बाहेर ऊन पांढरंफेक होतं, दुकानांच्या पाट्या वितळून एकमेकींत गेल्या होत्या, आणि सुकन्या त्याच्या कोपराला धरून चितळे रोडनं रिक्षा शोधत होती. त्याला त्या पांढऱ्या उजेडात डिसेंबर आठवत होता. डिसेंबरमध्ये काही वाकत होतं का? कॉलेजच्या गॅदरिंगचा मांडव, त्याचे बांबू. सुकन्याच्या भावाच्या लग्नातली पंगतीची रांग. बांबू सरळ होते का? कोण बघतं बांबू? सरळ गोष्टी माणूस बघतच नाही, त्या असतातच. हवा तो महिना परत मिळेना. आठवणीतही त्यानं एकेक खांब उभा करून पाहिला आणि आठवणीतला प्रत्येक खांब आता वाकत होता.

त्यात आईचा फोन आला. प्राचार्यांनी नव्या कोळ्याचं कौतुकानं बातमीदाराला सांगून टाकलं होतं, बातमी आली होती, आणि गावानं पुढचं पाऊल उचललं होतं. "आरं कल्याण, यष्टी स्टँडाम्होरं तुझा फोटू लावलाय की रं," लंकाबाई फोनवर नेहमीसारखी ओरडून बोलत होती. "भूमिपुत्र म्हनून लिव्हलंय. त्यो कोळीबी छापलाय संगट. तुझ्यापरास त्योच मोठा हाय. बायका मला इच्यारतेत, लंकाबाई, ह्यो चावतो का? म्या म्हनलं, न्हाई बाई, आमच्या गावचा हाय, कशाला चावंल." ती हसली. पलीकडं वैजनाथही हसत असल्याचं ऐकू आलं. "आये, जेवलीस का?" कल्याण म्हणाला. डोळ्याचं त्यानं काढलं नाही. फोन ठेवल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर तो फ्लेक्स उभा राहिला, बारा फुटी, दोन मोठे, दोन बारीक अशा चार डोळ्यांची रांग पुढं करून उभा असलेला काळा प्राणी, आणि त्याच्या पायाशी आपला टाय लावलेला पासपोर्ट फोटो. खर्ड्यात येणारी प्रत्येक बस त्याच्यासमोर थांबत होती.

उपाय एकच होता आणि तो साधा होता. दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगणं. कोळ्याची नळी पुण्याला पाठवली तर महिनाभर उत्तर यायचं नाही, आणि तारीख जवळ आली होती. नगरात अशी सुई ओळखू शकेल असा एकच माणूस होता आणि तो शेजारच्या टेबलावर बसून डबा खात असे. वृषाली साळवे. श्रीरामपूरची, कपाशीवरच्या लालकोळी किडीवर पीएच.डी. केलेली, त्याच्याइतकीच तासिकेवर घासलेली, आणि जूनच्या त्याच एका जागेसाठी अर्ज केलेली. दोघं एकमेकांशी नीट वागत. पेपर तपासायचे असले की वाटून घेत, एकमेकांच्या लेखांची स्तुती करत, मुलाखतीविषयी चकार शब्द काढत नसत. तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझा नवा कोळी बहुतेक नवा नाही? की प्राणिशास्त्राच्या ह्या उमेदवाराला दिसत नाही? एका दुपारी तो तिच्या टेबलापाशी उभा राहिला आणि खडूचा डबा मागून परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं की परीक्षकाला सरळ कळवायचं, तपासलं, वाक आहे. तीन शब्द. कोण येणार होतं उघडून बघायला? असल्या नळ्या वर्षानुवर्षं कपाटात राहतात. पन्नास वर्षांनी कुणीतरी बघेल आणि म्हणेल, इथं चूक झालेली दिसते. तोवर सगळे मेलेले असतील. तीन शब्द त्यानं मोबाईलवर टाइप केले. अक्षरं मधल्या जागी लहरली. 'आहे' ह्या शब्दाची काठी खांबासारखी आत गेली. आपण खोटं लिहितो आहोत की खरं, हे कळायलासुद्धा दुसऱ्याचा डोळा लागणार होता. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. इथं तेवढीही सोय नव्हती. त्यानं मजकूर पुसला.

"मॅडम, जरा प्रयोगशाळेत येता का?" तो म्हणाला.

दुपार होती. प्रात्यक्षिकं संपून मुलं गेली होती, ओट्यांवर स्पिरिटचा वास आणि फॅनचा आवाज उरला होता. त्यानं तिला आधी डोळ्याचं सांगितलं. सांगताना तो काचपट्टी पुसत राहिला. मग सुईचं. आकृती दाखवली नाही. "तुम्ही बघा. टोक कसं आहे ते सांगा. बाकी मी काही बोलत नाही." वृषालीनं केस मागं बांधले, स्टूल ओढलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. तिच्या बोटांनी फोकसचं चाक अगदी थोडं पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा पुढं. कल्याण तिच्या बोटांकडं बघत होता. एवढा वेळ का लागतोय? सरळ असतं तर एवढा वेळ लागला नसता. वाकडं असतं तर तिला लगेच दिसलं असतं. बाहेर मैदानावर कुणीतरी क्रिकेटचा चेंडू पत्र्यावर मारला. त्याच्या गळ्याशी घाम आला होता आणि तो पुसायलासुद्धा हात हलवावा असं त्याला वाटत नव्हतं, जणू हललं तर आतली सुई हलेल.

तिनं नळीवरून डोळा बाजूला घेतला, स्टुलावर वळली आणि त्याच्याकडं पाहत म्हणाली, "आहे, सर. थोडा वाक आहे."

तो हसलासुद्धा असावा. मग त्याच्या तोंडून आपोआप प्रश्न गेला, "कुठल्या बाजूला?"

तिनं केसांची गाठ पुन्हा घट्ट केली. "आतल्या."

फॅन फिरत राहिला. त्यानं डिसेंबरात काढलेला वाक बाहेरच्या बाजूला होता. तिनं त्याचा चेहरा पाहिला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम," तो म्हणाला, "माझ्याकडं बघून सांगू नका. आत बघून सांगा." ती पुन्हा वळली. ह्या वेळी चाकाला हातही लावला नाही. डोळा नळीला तसाच ठेवून, त्याच्याकडं पाठ करून, ती म्हणाली, "सरळ आहे, सर. अगदी सरळ. पहिल्यांदाच दिसलं होतं."

"मग?"

"डोळ्याचं तुम्ही आधी सांगायला नको होतं." ती उठली. रुमाल काढून तिनं हात पुसले, पुसायला हातांना काही लागलेलं नव्हतं. "माझ्या वडिलांना मोतीबिंदू झाला तेव्हा ते सगळ्यांना सांगायचे, मला दिसतंय, मला दिसतंय. आम्ही पण हो म्हणायचो. सवय लागते. तुम्ही वाक आहे असंच कळवून द्या सर हवं तर. मी कुणाला बोलणार नाही."

ती गेल्यावर तो त्याच स्टुलावर बसला. स्टूल अजून कोमट होतं. त्याला तिचा राग आला, इतका की कानशिलं ठणकू लागली. कीव करायला ही कोण? मग रागाच्या आतून भीती वर आली. तिनं दोन उत्तरं दिली होती. पहिलं त्याच्या फायद्याचं, दुसरं तिच्या. दुसरंच कशावरून खरं? लेख मागं घेतला तर जूनची जागा तिचीच. आधी खोटी दया दाखवायची, आपणच पकडलं जायचं, मग हळूच सरळ म्हणायचं, म्हणजे माणूस विश्वास ठेवेलच. किती व्यवस्थित. त्यानं स्वतः नळीला डोळा लावला. पिवळा डाग बरोबर मधे येऊन बसला आणि डागात सुई होती, बाहेर वाकलेली, ठाम, सुंदर. तो बघत राहिला. चाक फिरवलं, पट्टी सरकवली. सुई जिथं नेली तिथं वाकली. शेवटी डोळ्याला पाणी आलं आणि सगळंच गेलं. मान खाली घालून बसला असताना त्याला तिची पाठ आठवली. पहिलं उत्तर तिनं त्याच्याकडं बघत दिलं होतं. दुसरं देताना तिचा डोळा आत होता. माणसाकडं बघून आपण त्या माणसाला हवं ते बोलतो, हे त्याला आईवरून, सुकन्यावरून, स्वतःवरून ठाऊक होतं. वस्तूकडं बघत बोलणारा माणूस निदान तेवढ्यापुरता कुणाचा नसतो. पुरावा नव्हता. पण ह्यापलीकडं पुरावा मिळणारही नव्हता, आणि ते कळल्यावर त्याचं अंग सैल पडलं.

त्यानं पत्रिकेला लिहिलं. सुईचं टोक सरळ आहे, माझ्या पाहण्यात चूक झाली, डोळ्याच्या आजारामुळं झाली असावी, तपासणी प्रा. वृषाली साळवे यांनी केली, ही नवी जात नाही, लेख मागं घेतो. पाठवायच्या आधी सुकन्याकडून वाचून घेतलं. तिनं मोठ्यानं वाचलं, एका शब्दाची वेलांटी सुधारली, आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

प्राचार्य चिडले. "अहो, पेपरात आलंय सगळं. आता काय तोंड दाखवायचं?" आईला सांगणं अवघड गेलं. "म्हंजी नवा न्हाई?" तिनं विचारलं. "नाही, आये. जुनाच आहे. माझी बघण्यात चूक झाली." "बघन्यात?" ह्या बाईला काही लपवता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं डोळ्याचं सांगितलं. "कंच्या डोळ्याला?" "उजव्या." पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी तो बंद केला. मग ती म्हणाली, "म्या येते," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली, एकटी, पिशवीत ज्वारीचं पीठ. त्या दिवसांत ती त्याच्यापुढं चालायची. हात धरायची नाही, नुसती पुढं चालायची आणि मागं न बघता सांगायची, "पायरी हाय. हितं गटारीचं झाकन हाय. आता सपाट हाय." भाजीबाजारात लोक बघायचे. त्याला लाज वाटायची आणि तो तिच्यामागून चालायचा. उसाचं, पाचटाचं, कोपीतल्या रात्रीचं तिनं एकदाही काढलं नाही. फक्त एकदा, तो झोपला आहे असं समजून, तिनं त्याच्या उजव्या पापणीवर फुंकर घातली. तो पडून राहिला.

जूनमध्ये मुलाखत झाली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या त्या कोळ्याचं वाचलं होतं." कल्याण म्हणाला, "तो नवा नव्हता, सर." त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. जागा वृषालीला मिळाली. तिनं पेढे वाटले, त्याच्या टेबलावर एक जास्त ठेवला, आणि तो त्यानं खाल्ला. त्याचे तास चालू राहिले. रात्री कधी कधी त्याला वाटे की ती जागा आपल्या डोळ्यानं घालवली, कधी वाटे तिच्या डोळ्यानं घेतली. सकाळी उठून तो आधी खिडकीचे गज बघायचा. ऑगस्टच्या सुमारास ते हळूहळू सरळ उभे राहू लागले. डॉक्टर म्हणाले, पाणी ओसरलं, मधे बारीक सावली राहील. सूक्ष्मदर्शकाकडं मात्र तो महिनाभर गेला नाही. एक दिवस गेला. काचपट्टी ठेवली, श्वास धरला. सुई सरळ होती. टाचणीसारखी सरळ. त्याला वाटलं होतं की दुःख होईल. तसं काही झालं नाही. तो खाली जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

भाद्रपदात वृषालीनंच विषय काढला. तो जुना कोळी आपल्या जिल्ह्यात आजवर कुणी नोंदवलेला नव्हता, ती नोंद तरी दोघांनी मिळून करावी, नर शोधावेत. एका रविवारी ती दोघं खर्ड्याला गेली. किल्ल्याच्या तटाखाली गवत कमरेएवढं होतं, हिरवं, अंगाला ओल लागत होती. बराच वेळ काही मिळालं नाही. मग कल्याणनं हात वर करून तिला थांबवलं. त्याच्या हनुवटीच्या उंचीवर एका पात्यावर मादी बसली होती, आणि तिच्यासमोर वीतभर अंतरावर नर. वृषाली त्याच्या मागं होती, मधे गवताचा झुबका होता, सरकलं तर पातं हललं असतं. "काय आहे, सर?" ती कुजबुजली. "मला काही दिसत नाही."

"नर आहे," तो म्हणाला. "पुढचे दोन पाय वर उचललेत. नमस्काराला उचलतो तसे, पण लांब करून. आता डावीकडं गेला. थांबला. उजवीकडं." नर पात्यावर झोके घेत होता, थरथरत होता. मधेच तो डोळ्यातल्या सावलीत शिरला आणि नाहीसा झाला. "आता?" वृषालीनं विचारलं. त्यानं मान किंचित कलती केली, नजर पात्याच्या कडेला नेली. "आता दिसत नाही," तो म्हणाला. "थांबा." सावलीच्या काठातून आधी एक पाय आला, मग पांढरा पट्टा. "आला. जवळ गेलाय तिच्या. एक पाय तिच्या पायाला लावला. ती हलली नाही." वृषाली मागं श्वास धरून उभी होती, आणि तो जेवढं दिसत होतं तेवढंच तिला सांगत गेला.